पूर्ण नावानिशी

सासूनं माझ्या फोनच्या काचेला कुंकू लावलं आणि माझं डोकंच फिरलं.

"आत्या, तो फोन आहे. देव नाही."

आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे, म्हणून आत्या म्हणायचे. मनात काय म्हणायचे ते इथं सांगण्यासारखं नाही.

"लेकाचा सत्कार हाय आज," त्या म्हणाल्या. "सत्काराला कुंकू नको?"

मी पदरानं काच पुसायला गेले तर कुंकू आणखीच पसरलं. संध्याकाळचे सात वाजत आले होते. गजेंद्र, म्हणजे माझा नवरा, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसला होता, मान खाली घालून, दाढीला बसल्यासारखा. मी त्याला एकेरीत बोलते म्हणून बायका नाकं मुरडतात. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी अहोच म्हणत होते. पण नवऱ्यानं बायकोचं गंठण मोबाइलवरच्या रमीत घालवलं की तोंडातून अहो निघत नाही. ज्यांच्या निघतं त्यांचं मला कौतुक आहे.

गजेंद्र करमाळ्यातल्या एका पतसंस्थेत कॅशियर. पतसंस्थेचं नाव घेत नाही, उगाच कशाला. संस्थेच्या पैशाला त्यानं कधी हात लावला नाही, हे मी कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगेन. त्यानं घरातलं विकलं. बाथरूममध्ये बसून खेळायचा, जेवताना ताटाखाली फोन धरून खेळायचा, मुलीला क्लासला सोडायला गेला की गाडीवर बसून खेळायचा. शेवटी एक दिवस मी त्याचा फोन पाट्यावर ठेवला आणि वरवंट्यानं ठेचला. चटणी वाटावी तसा. मग त्याला बटणांचा साधा फोन घेऊन दिला आणि बाजाराच्या दिवशी सोलापूरहून येणाऱ्या मनाच्या डॉक्टरांकडं धरून नेलं.

त्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, की फोनवर एक मीटिंग असते, रोज संध्याकाळी सातला. सगळ्या महाराष्ट्रातले लोक असतात, दारू सोडणारे आणि जुगार सोडणारे, दोन्ही. ह्याला तिथं बसवा. गावातल्या माझ्या सगळ्या पेशंटना मी तेच सांगतो.

मी म्हटलं, "डॉक्टर, ज्या फोननं घर बुडवलं त्याच फोनवर उपचार? दारुड्याला गुत्त्यात बसवून दारू सोडवता का तुम्ही?"

डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही.

तर मीटिंग माझ्या फोनवर सुरू झाली. मी ब्लाउज शिवते. मशीन त्याच्या खुर्चीला लावूनच ठेवलं आणि पहिल्या दिवशी शेजारी बसून राहिले. नजर फोनवर. मीटिंग चालवणारे एक अण्णा होते, चाळीसगावकडचे, आवाजावरून म्हातारे. स्वतः पूर्वी पिणारे. त्यांनी पाच मिनिटांतच विचारलं, की हा खडखडाट कसला. मी सांगितलं, मशीनचा. ते म्हणाले, ताई, तुम्ही बाहेर बसा. मी म्हटलं, फोन माझा आहे. तर म्हणतात कसे, "फोन तुमचा, मीटिंग त्याची." असा राग आला मला. ओळख ना पाळख, चाळीसगावात बसून माझ्याच घरातून मला बाहेर काढतोय. पण गजेंद्र माझ्याकडं असा बघत होता की मी मशीन ओढत स्वयंपाकघरात नेलं. दार मात्र वीतभर उघडं ठेवलं.

त्या फटीतून मला त्यांचे नियम पाठ झाले. आपलं एकट्याचं नाव सांगायचं. आडनाव नाही, गाव नाही, काय काम करतो ते नाही. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. बोलावंसं वाटलं नाही तर नुसतं ऐकायचं. कुणी कुणाला उलट बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही आणि इथलं ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. गजेंद्र कॅमेरा बंदच ठेवायचा. फोन माझा, त्यामुळं त्याच्या चौकोनावर माझं नाव दिसायचं, आणि कुंदा नावाची ही बाई बाप्याच्या आवाजात कशी बोलते, हे कोडं लोकांना बरेच दिवस पडलं होतं म्हणे.

बाकीच्यांना आवाज तरी होते. एक चौकोन मात्र असा होता की त्याला आवाजच नव्हता. नाव लावलेलं 'एक मित्र'. रोज वेळेवर यायचा, शेवटपर्यंत बसायचा, बोलायचा एक शब्द नाही. नुसता काळा चौकोन. मला तो पहिल्यापासून खटकायचा. मी एकदा दारातूनच मोठ्यानं म्हटलं, की लोकांची उणीदुणी ऐकायला हा कोण चोरासारखा बसतो? अण्णा म्हणाले, ऐकायला येणाऱ्यालाही इथं जागा आहे. असेल. माझ्या मते नव्हती.

पण खोटं कशाला बोलू, गजेंद्र सुटला. कसा सुटला ते मला कळलं नाही. मी शिव्या दिल्या, उपाशी ठेवलं, आत्यांनी नवस केले, त्यानं काही झालं नव्हतं. आणि काळ्या चौकोनांसमोर बोलून बोलून हा माणूस ताळ्यावर आला. रोज काय काय बोलायचा. आधी रमीचं. मग बापाचं, शाळेतलं, माझ्याशी कधीही बोलला नाही असलं काय काय. मी पलीकडं काजं करत ऐकायचे आणि जळायचे. जे मला सांगायचं ते ह्या परक्यांना सांगतोय.

वर्ष झालं की तिथं एक पद्धत होती. त्या दिवशी घरच्यांना बोलवायचं आणि त्यांनी दोन शब्द बोलायचे. अण्णांनी मला आठवडाभर आधी बजावलं, ताई, बोला हवं ते, फक्त आडनाव, गाव, नोकरी नको. मी आत्यांना बजावलं. एकदा नाही, तीनदा. त्यांनी दर वेळी मान हलवली.

पण आत्यांचा जन्म सत्कार ऐकण्यात गेलेला. सासरे वसंतराव गावातल्या तालमीचे कारभारी होते. कुस्तीच्या मैदानात, शाळेच्या गॅदरिंगला, कुणाच्या निवृत्तीला, सगळीकडं त्यांचं नाव माइकवरून घेतलं जायचं आणि ते पूर्ण घेतलं जायचं. वडिलांसकट, गावासकट, हुद्द्यासकट. एकदा कुणी नुसतं 'वसंतराव' म्हटलं तर ते हार न घेता घरी आले होते. आत्यांच्या हिशेबानं पूर्ण नाव न घेता माणसाचं कौतुक करणं म्हणजे त्याचा अपमान. मी काय बजावत होते ते त्यांच्या कानात शिरलंच नसणार.

सातला मीटिंग सुरू झाली. अण्णा चांगलं बोलले. मग म्हणाले, घरातलं कुणी? आत्या नवं लुगडं नेसून तयारच होत्या. फोन त्यांनी दोन्ही हातांत धरला, तोंडाजवळ नेला आणि माइकवर बोलावं तशा बोलल्या:

"सर्वांस्नी नमस्कार. माझा मुलगा गजेंद्र वसंतराव शेटे, राहणार करमाळा, पतसंस्थेत कॅशियर. तिजोरीच्या चाव्या ह्याच्याकडंच असत्यात. ह्यानं वर्षभर पत्त्याला हात लावला न्हाई..."

मी धावले. फोन ओढला, तो हातातून सुटून फरशीवर पडला, उचलला तर अण्णांनी सगळ्यांचे आवाज बंद केले होते. मी काचेकडं बघत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर 'एक मित्र' हा चौकोन नाहीसा झाला. बाकी सगळे होते. तो तेवढा गेला.

गजेंद्र पांढराफटक पडला होता. "तो आपल्या इथला आहे," तो म्हणाला. "दुसरा कुणी असा पळाला नसता."

आत्यांना कळेचना काय बिघडलं. मग मी त्यांना जे बोलले ते शेजारच्या तीन घरांत ऐकू गेलं असेल. त्या रडल्या. मला दया आली नाही. जुगारी माणसाला तिजोरीपाशी कोण ठेवील? मी संस्थेची चेअरमन असते तर मीही ठेवला नसता. नोकरी गेली की हा माणूस दिवसभर घरात रिकामा बसणार, आणि रिकामा गजेंद्र म्हणजे काय ते मी पुरेपूर भोगलं होतं. वर्षभराची कमाई म्हाताऱ्या बाईनं एका वाक्यात मातीत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारीच तो घरी आला. चेअरमन देशमाने नानांनी त्याला बोलावून चाव्या काढून घेतल्या होत्या. कारण विचारलं तर म्हणाले, सांगीन नंतर, तोवर सुट्टी घ्या. बास. एवढंच.

गजेंद्र कपडे न बदलता भिंतीला टेकून बसला आणि माझ्याकडं हात पुढं करून म्हणाला, "तुझा फोन दे."

"मीटिंगला अजून वेळ आहे."

"मीटिंगला नको आहे."

मी फोन ब्लाउजात खुपसला. तो उठून अंगावर आला, मी कात्री हातात घेतली, मारायला नाही, पण घेतली. आत्या मध्ये पडल्या. आमच्या घरात असा तमाशा वर्षभर झाला नव्हता, आणि तो परत सुरू होताना बघून माझं काळीज तुटलं. तो परत बसला. म्हणाला, मी एवढं बोललो, सगळ्यांसमोर नागडा झालो, काय उपयोग झाला? सातला मीटिंगला बसला नाही.

मी मात्र डोकं चालवत होते. आदल्या दिवशी मीटिंगमधून कुणीतरी पळतं आणि दुसऱ्या दिवशी चाव्या जातात. सरळ गणित. गावातल्या सगळ्या पेशंटना डॉक्टर हीच मीटिंग सांगतो. आणि संध्याकाळी सातला देशमाने नानांचा फोन कधी लागत नाही, हे अख्ख्या करमाळ्याला ठाऊक होतं. म्हणजे हा पांढऱ्या टोपीतला माणूस घरात दार लावून दारू सोडायच्या मीटिंगला बसतो, आमच्या गजेंद्रचं रडगाणं वर्षभर फुकट ऐकतो, आणि माणूस कोण ते कळल्याबरोबर त्याच्याच पोटावर पाय देतो. मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मी गजेंद्रला काही न सांगता निघाले.

नानांचं घर मला नवीन नव्हतं. हेमलतावहिनी, त्यांची बायको, माझ्याकडंच ब्लाउज शिवायच्या. मोठ्या घरची बाई, कमी बोलणारी. दार त्यांनीच उघडलं, मला बघून दचकल्या, आत गेल्या. नाना पेपर वाचत होते. मी बसले नाही.

"नाना, चाव्या का काढल्या?"

"ते शेट्यांशी बोलेन मी. तुम्ही कशाला आलात?"

"तुम्हाला कुणी सांगितलं ते मला माहीत आहे. कुणी नाही सांगितलं. तुम्ही स्वतः ऐकलंत."

त्यांनी पेपर खाली ठेवला. माणूस हुशार, मला बोलू दिलं. आणि मी बोलले. सगळं बोलले. मीटिंग, सात वाजता, एक मित्र, रमी, डॉक्टर, वर्षभर न खेळणं, काही ठेवलं नाही. तुम्हाला स्वतःची लाज झाकायला काळा चौकोन चालतो, म्हटलं, आणि माझ्या नवऱ्याला तेवढी शिक्षा? त्यानं तुमच्या एका पैशाला हात लावला असेल तर दाखवा. नाहीतर मी चौकात उभी राहून तुमचं नाव घेईन, पूर्ण घेईन.

बोलून झालं आणि मी दम घ्यायला थांबले. नाना माझ्याकडं बघत होते. चेहऱ्यावर भीती नव्हती.

"शेटे रमी खेळायचा?" त्यांनी सावकाश विचारलं.

"म्हणजे सातला तुम्ही मीटिंगला नसता?" मी म्हटलं.

"मी सातला आरतीला असतो," ते म्हणाले. "फोन गाडीत ठेवून. दारूच्या थेंबाला मी जन्मात शिवलेलो नाही. आणि चाव्या तपासणीसाठी काढल्या. अचानक तपासणी असली की कॅशियरला आधी सांगायचं नसतं, हा नियम आहे. सोमवारी परत देणार होतो."

सासूनं परक्यांसमोर केलं होतं. मी थेट चेअरमनच्या दिवाणखान्यात येऊन केलं. स्वतःच्या जिभेचा एवढा संताप मला त्याआधी कधी आला नव्हता, नंतरही नाही.

"आता नाही देणार," नाना म्हणाले. "राजीनामा लिहून आणायला सांगा. जुगारी माणूस सुटत नसतो, बाई. मी पुष्कळ बघितलेत. आज गप्प असतो, उद्या तिजोरी उघडी दिसली की जातो."

मी भांडले. रडलेही असेन. एकदा ठेवून बघा, मीच रोज सोबत येऊन बसते, असलं काय वाटेल ते बोलले. नाना पेपर उचलून वाचायला लागले. माझ्याशी बोलणं त्यांच्यापुरतं संपलं होतं.

हेमलतावहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून ते मला माहीत नाही. त्यांनी ट्रे टीपॉयवर ठेवला, आणि सरळ होऊन म्हणाल्या, "अहो. तिथं मी असते."

नानांनी पेपरातूनच विचारलं, "कुठं?"

"त्या मीटिंगला. एक मित्र म्हणतायत ना ह्या, ती मी."

पेपर खाली आला.

"तुम्ही आरतीला जाता तेव्हा बसते. मीही तेच खेळायचे. दुपारी, तुम्ही झोपलात की." त्या जमिनीकडं बघून बोलत होत्या, पण थांबत नव्हत्या. "सासूबाईंच्या पाटल्या घरातून हरवल्या असं मी सांगितलं होतं. त्या हरवल्या नव्हत्या. तुम्ही त्यापायी भांडी घासणाऱ्या बाईला काढलंत. मी बघत राहिले."

वर्षभर ज्या चौकोनाला मी चोर म्हणत होते तो माझ्या पुढ्यात उभा होता, आणि त्याच्या अंगात मीच शिवलेला ब्लाउज होता.

"वर्षभरात मला तिथं एक शब्द बोलता आला नाही," वहिनी म्हणाल्या. "हे शेटे रोज बोलायचे. मला वाटायचं, माझंच बोलतायत. त्यांचं ऐकून मी सुटले. कुंदा हे नाव दिसायचं, पण त्या ह्याच कुंदा आणि ते आपल्याच संस्थेतले, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. परवा कळलं आणि घाबरून बंद केलं." मग पहिल्यांदाच त्यांनी वर बघितलं. "त्यांना काढायचं तर काढा. पण कारण काय लिहाल? जे लिहाल ते मलाही लागू आहे. ह्या घराच्याही चाव्या माझ्याकडंच असतात."

त्यांनी कमरेचा जुडगा काढून ट्रेमध्ये ठेवला. नाना उभे राहिले. मोठा धिप्पाड माणूस. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. अगदी खालच्या आवाजात मला म्हणाले, "शेटेवहिनी, तुम्ही निघा आता. हा आमच्या घरातला मामला आहे."

गजेंद्रच्या चाव्या सोमवारी परत मिळाल्या, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचं चित्त तिकडंच लागून राहील. तो निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीवर बसला. पण त्या क्षणी मला यातलं काही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मला चाव्यांचं काही पडलंही नव्हतं. मी फक्त वहिनींकडं बघत होते. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, आणि तो खालचा आवाज मी ओळखत होते. माझे वडील तसे बोलायचे, परक्या माणसानं घराबाहेर पाऊल टाकेपर्यंत.

मी सोफ्यावर बसले आणि चहाचा कप उचलला.

"चहा केलाय वहिनींनी," मी म्हटलं. "घेते आणि जाते."

"ऐकू आलं नाही का तुम्हाला?"

"आलं."

मी घोट घोट घेत बसले. एक कप संपला, मी दुसरा उचलला. तो नानांचा होता. त्यांनी मला दाराकडं बोट दाखवलं, त्यांच्या घरात माझी काय पायरी ते सांगितलं, नवऱ्याची नोकरी विसरा म्हणाले, माझ्या खानदानाचाही उद्धार केला. मी सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात एवढं ऐकून कधी घेतलं नव्हतं. त्यांचं बोलणं संपेना, मी उठेना. चहा केव्हाच गार झाला होता. बाहेर भाजीवाली ओरडून गेली, मग भंगारवाला गेला, मग शाळेची गाडी वाजून गेली. नाना खोलीत येरझारा घालत होते आणि मी वहिनींच्या नि त्यांच्या मधोमध पाय रोवून बसले होते.

शेवटी त्यांचा श्वास खाली आला. टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं आणि खुर्चीत बसले. मग समोरच्या खुर्चीकडं हात करून बायकोला म्हणाले, "तू पण बस."

तेव्हा मी उठले आणि चपला घातल्या.